दारं धरणारी बाई ग्लासगोत

‘दारं धरणं’ याला इंग्रजीत काय म्हणायचं, यात माझे तीन रविवार गेले. पहिल्या खर्ड्यात मी सरळ ‘होल्डिंग द डोअर्स’ लिहून मोकळी झाले होते. ऑफिसातल्या मैत्रिणीला वाचायला दिलं. ती म्हणाली, “छान आहे गं, पण ही म्हातारी रात्री दोन वाजता कुणासाठी दार उघडून उभी आहे?” तिच्या डोळ्यांपुढे हॉटेलचा दरवान आला होता. माझ्या डोळ्यांपुढे आमची आजी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं. भरलेल्या वाफ्याचं तोंड चिखलानं बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं, आणि मधल्या वेळात बांधावर बसून तंबाखू मळायची.

कथेचं नाव ‘शेजपाळी’, म्हणजे कालव्याचं पाणी रानोरान पाळीपाळीनं द्यायची रीत. दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात आली होती. आमचं गाव सांगोला तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या पार शेपटाला. त्याला आम्ही टेल म्हणतो. कागदावर पाणी टेलपासून सुरू होऊन हेडकडे, म्हणजे कालव्याच्या तोंडाकडे जायचं असतं. प्रत्यक्षात काय होतं ते टेलच्या माणसाला विचारावं. माझ्या कथेत पाटकऱ्याच्या, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाच्या जागी एक यंत्र येतं. ते चहापाणी घेत नाही, कुणाचा भाचा-पुतण्या ओळखत नाही, प्रत्येक रानाची ओल मोजून मिनिटाच्या हिशेबानं पाणी सोडतं. पहिल्या वर्षी गाव त्याला नारळ फोडतं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या घरी मयत होते, म्हणून म्हातारी आपली पाळी त्या घराला देऊन टाकते. यंत्राच्या वहीत याला चोरी म्हणतात. पुढची दोन आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या दोन फेऱ्या, तिची चारी (रानात पाणी नेणारा छोटा पाट) बंद.

आता ही कथा ग्लासगोला कशी गेली ते सांगते.

वर्ल्डकॉन म्हणजे विज्ञानकथेचं जागतिक संमेलन. पहिलं १९३९ साली न्यूयॉर्कला झालं, मधली युद्धाची वर्षं सोडली तर दरवर्षी वेगवेगळ्या शहरात भरतं. २०२४चं ब्याऐंशीवं होतं आणि ग्लासगोची ही तिसरी खेप. आधी १९९५ आणि २००५. मी मँचेस्टरला राहते, गाडीनं साडेतीन तासांचा रस्ता. एवढं जवळ येऊन गेलं नाही तर पुन्हा कधी जाणार, असं म्हणून सभासदत्व घेतलं. तिकीट नव्हे हं, सभासदत्व. हा फरक तिथले लोक फार मनावर घेतात. भरवणारे झाडून सगळे बिनपगारी, घरची कामं सांभाळून राबणारे. आणि मंचावर बसणारासुद्धा स्वतःचे पैसे भरून येतो. मोजके सन्मान्य पाहुणे सोडले तर सहसा कुणाला सूट नाही.

नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे बोलायचे पैसे आपण द्यायचे?” त्याचंही बरोबर आहे. आपल्याकडे साहित्यिकाला बोलवायचं म्हणजे शाल, श्रीफळ, जाण्यायेण्याचा खर्च आणि उद्घाटनाला मंत्री. त्या कथेचे मला पंधराशे रुपये मिळाले होते. ग्लासगोच्या सभासदत्वात तशा कितीतरी कथा बसल्या असत्या.

कार्यक्रमात भाग घ्यायचा असेल तर एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो. कोणत्या विषयावर बोलू शकता, कशावर अजिबात बोलणार नाही, मंचावर चढायला उतार लागतो का, सकाळी लवकर चालेल का. शेवटच्या प्रश्नाला मी ‘चालेल’ लिहिलं आणि शनिवारी सकाळी पहिल्याच सत्रात माझी वर्णी लागली. विषय अनुवादातली विज्ञानकथा. शिवाय रविवारी दुपारी पंधरा मिनिटांचं कथावाचन. मेल वाचून मी स्वयंपाकघरातच मटकन बसले, कारण तोवर इंग्रजीत वाचण्यासारखी माझी एकही कथा नव्हती.

मग ते तीन रविवार. ‘दारं धरणं’ शेवटी मी उकलून लिहिलं: ती खोऱ्यानं चिखलाची दारं उघडते आणि बुजवते. नऊ-दहा शब्द झाले आणि आजी कुठंतरी सांडली. ‘आवर्तन’ला सरळ पर्याय मिळाला. ‘पाटकरी’ तसाच ठेवला. ‘मयताच्या घरची पाळी’ मात्र बराच वेळ सुटेना. इंग्रजीत ती दया वाटत होती. आमच्याकडे ती दया नसते, रीत असते. ज्याच्या घरी सुतक त्याची दारं भावकीनं धरायची, त्याचं कुणी कौतुक करत नाही. मी एक अख्खं वाक्य घातलं: ‘याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नसे.’ मूळ मराठी कथेत हे वाक्य नाही. आता वाटतं, तिथंही असायला हवं होतं.

ओव्हनचा टायमर लावून मोठ्यानं वाचून पाहिलं. एकवीस मिनिटं. पंधरात बसवायचं म्हणजे रात्रीचं सगळं वर्णन गेलं, कोल्हेकुई गेली, तंबाखू गेली.

निघायचा दिवस शुक्रवार, ९ ऑगस्ट. त्या आठवड्याचं वातावरण लक्षात असेल तुमच्या. साउथपोर्टमध्ये लहान मुलींचे खून झाले, त्यावरून खोट्या बातम्या पसरल्या आणि इंग्लंडच्या कितीतरी शहरांत दंगे उसळले. आमच्या ऑफिसनं ‘शक्यतो घरून काम करा’ असं कळवलं होतं. नवरा म्हणाला, “एकटी जाऊ नकोस.” स्कॉटलंडमध्ये तसं काही पेटलं नव्हतं, पण तिथवर जायची गाडी तर इंग्लंडमधूनच जाते ना. मी गेले. स्टेशनवर जरा जास्तच ताठ मानेनं चालत होते, हे आता आठवलं की हसू येतं.

ठरलेली गाडी रद्द झाली. पुढच्या गाडीत दोन गाड्यांची माणसं. प्रेस्टनपासून कार्लाइलपर्यंत संडासाच्या दाराशी उभी, पायांत बॅग, बॅगेत कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. माझ्यासमोर एक मुलगी डोक्याला हिरवी शिंगं लावून तितक्याच निर्विकार चेहऱ्यानं उभी होती. तिनं माझ्या बॅगेवरचा रॉकेटचा बिल्ला पाहिला, मी तिची शिंगं पाहिली, आणि लॉकर्बी येईपर्यंत आमच्या गप्पा जमल्या होत्या. दंग्याची भीती कुठं गेली कळलं नाही.

ग्लासगो सेंट्रलच्या खालच्या फलाटावरून दोन स्टेशनं गेलं की एक्झिबिशन सेंटर. तिथून झाकलेल्या लांब पुलावरून चालत थेट संमेलनाच्या इमारतीत. बाहेर क्लाइड नदी, नदीकाठी आर्माडिलो नावाचं खवल्याखवल्यांचं सभागृह आणि शेजारी फिनीस्टनची अजस्र क्रेन. ग्लासगोत बनलेली वाफेची इंजिनं ही क्रेन उचलून जहाजात ठेवायची. इथं घडलेली कितीतरी इंजिनं आपल्याकडं धावली. मी क्रेनचा फोटो गावी आप्पांना पाठवला. त्यांचा उलट प्रश्न आला, “चालू हाय का बंद?” बंद, म्हटलं. “मंग कशाला ठेवलीय?”

नोंदणीच्या टेबलावर गळ्यातलं ओळखपत्र मिळालं. त्याच्या खाली रंगीत फितीचे तुकडे चिकटवायची पद्धत आहे. कुणी ‘पहिलीच खेप’ म्हणून देतं, कुणी आपल्या शहराची, कुणी नुसती विनोदाची. जुन्या खोडांच्या फिती गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या. तासाभरात मला सात मिळाल्या. हा सगळा प्रकार संक्रांतीच्या वाण लुटण्याचा आहे, फक्त इथं पुरुषही लुटतात. मला परत द्यायला काही नव्हतं. चटणी काढणार होते, पण जागोजागी ॲलर्जीच्या सूचना वाचल्या आणि शेंगदाणा बॅगेच्या तळाशी ढकलला. तीन दिवसांची माझी न्याहारी तीच.

शनिवारची सकाळ. मंचावर आम्ही पाच जण, समोर साठेक माणसं. पहिल्या रांगेत चौघीजणी सुया काढून विणत बसल्या होत्या. माझा पारा चढला. आपल्याकडे वक्ता बोलताना कुणी लोकर काढली तर संयोजक उठवतील तिला. नंतर कळलं की इथं हे सर्रास चालतं. हात गुंतले की कान मोकळे राहतात म्हणे. आणि खरंच, सगळ्यात नेमका प्रश्न त्या चौघींपैकीच एकीनं विचारला.

सूत्रसंचालिकेनं प्रत्येकाला अर्ध्या मिनिटात ओळख करून द्यायला सांगितली. मी म्हणाले, मी मराठीत लिहिते. शेजारच्या गृहस्थांनी अगदी प्रेमळपणे विचारलं, ती हिंदीची बोली का? मी म्हणाले, “२०११च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाख लोकांनी मातृभाषा म्हणून मराठी सांगितली. एवढे लोक म्हणजे स्कॉटलंडच्या पंधरापट.” हशा झाला, पण अर्ध मिनिट त्यातच संपलं. मी काय लिहिते हे सांगायचं राहूनच गेलं. पुढच्या तासात याच गृहस्थांनी निम्मा वेळ खाल्ला. नाव सांगत नाही. असा एक जण प्रत्येक परिसंवादात असतो, आपल्याकडे तो अध्यक्ष असतो एवढंच. माझ्या वाट्याला शेवटची चार मिनिटं आली.

त्या चार मिनिटांत मी नारळीकरांची गोष्ट सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथेची स्पर्धा घेतली. जयंत विष्णु नारळीकरांना वाटलं, आपल्या नावाला बक्षीस नको, कथेला मिळालं तर बघू. म्हणून आद्याक्षरं उलटी फिरवून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. ‘कृष्णविवर’ला पहिलं बक्षीस मिळालं. मराठी विज्ञानकथा काही तिथं जन्मली नाही, आधीपासून होती, पण माझ्या पिढीसाठी दार तिथं फुटलं. सर तेव्हा हयात होते. पुढच्याच मे महिन्यात गेले.

सत्र संपल्यावर एक आजोबा काठी टेकत आले. पंचाण्णव आणि पाच, दोन्ही खेपांना याच इमारतीत हजर होते. “तू नारळीकर म्हणालीस. हॉइलबरोबरचे नारळीकर का?” फ्रेड हॉइल हे सरांचे केंब्रिजचे गुरू. दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला आणि हॉइलसाहेब स्वतः विज्ञानकथाही लिहायचे. आजोबा हॉइलच्या कादंबऱ्यांवर वाढलेले. नारळीकर हे नाव त्यांना साठ वर्षांपासून शोधनिबंधाच्या जोडनावातलं दुसरं नाव म्हणून ठाऊक. त्या माणसानं आपल्या भाषेत कथा लिहिल्या, मुलांसाठी लिहिल्या, साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, हे ऐकून ते खुर्ची ओढून बसलेच. पाऊण तास. मला एका नावाजलेल्या लेखिकेच्या सहीची रांग गाठायची होती, ती हुकली. हुकू दे म्हटलं.

दुपारी नुसती भटकले. पुस्तकांचे गाळे, चित्रांचं दालन, आणि पुढची संमेलनं आपल्या शहरात ओढू पाहणाऱ्यांची टेबलं. माँट्रियलवाले २०२७ मागत होते, ब्रिस्बेनवाले २०२८. कुठं भरवायचं ते सभासदांनी मतदानानं ठरवायचं असतं, म्हणून बिस्किटं चारून मतं वळवणं चालू होतं. हे मात्र अगदी घरच्यासारखं वाटलं. चहाच्या रांगेत मोठा विषय होता ह्यूगोच्या, म्हणजे सभासदांच्या मतांवर ठरणाऱ्या विज्ञानकथेच्या पुरस्कारांच्या मतांचा. आदल्या वर्षी चीनमधल्या चंगडूला काही नावं कारण न देता अपात्र ठरवली गेली आणि फार बोभाटा झाला. या वेळी ग्लासगोच्या मंडळींनी ३७७ मतं बनावट म्हणून बाद केली, आणि हे निकालाआधीच जाहीर करून टाकलं. लोक चिडलेले होते, पण आकडा तरी सांगितला यावर खूशही होते. आपल्याकडच्या एकेका निवडणुकीची आठवण काढून मी गप्प चहा प्याले.

नायजेरियन-अमेरिकन लेखिका नेडी ओकोराफोर त्या वर्षीच्या सन्मान्य पाहुण्यांपैकी एक. त्यांनी आपल्या लिखाणासाठी ‘आफ्रिकनफ्युचरिझम’ हा स्वतःचा शब्द घडवला, दुसऱ्यांनी डकवलेलं लेबल नको म्हणून. रात्री हॉटेलात भाकरी चुरत मी विचार करत होते, आपल्याकडे ‘विज्ञानकथा’ म्हणावं की ‘विज्ञानरंजन’ की आणखी काही, यावर आपण लेखांचे लेख पाडतो. पण उद्या वाचायची कथा त्यातल्या कुठल्या खणात बसते, हे मला सांगता आलं नसतं. चारीवरच्या कुलपाची गोष्ट आहे ती.

रविवारी खोलीत अकरा माणसं. मोजली, कारण तेवढ्यात मोजून होतात. त्यात एक वेळ पाळणारा स्वयंसेवक, एक चुकून दुसऱ्या खोलीऐवजी इथं आलेली बाई (ती बसून राहिली, देव तिचं भलं करो), हॉइलवाले आजोबा आणि गाडीतली शिंगवाली मुलगी, आज शिंगांशिवाय. मी वाचायला लागले. पहिल्या पानावर आवाज कापत होता. ‘पाटकरी’ शब्द आला तेव्हा मी तो सांगोल्याच्या उच्चारात म्हटला आणि मग जरा जीव ठिकाणावर आला. ‘याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नसे’ या वाक्याला खोलीत कुणीतरी हलकेच ‘हं’ म्हटलं. पंधरा मिनिटांत संपवलं. स्वयंसेवकानं ‘एक मिनिट’ची पाटी वर करायला घेतली होती, ती खाली ठेवली.

पहिला प्रश्न अपेक्षित होता: हे यंत्र चांगलं की वाईट? मी म्हणाले, टेलच्या माणसाला पहिल्यांदा वेळेवर पाणी मिळालं, त्याला तुम्ही हे विचारून बघा.

मग मागच्या खुर्चीवरचा एक पन्नाशीचा माणूस बोलला. तो वॅलेन्सियाचा, स्पेनमधला. म्हणाला, तुमच्या यंत्राची गोष्ट कळली, पण आमच्याकडे हे काम माणसंच करतात. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराबाहेर पाण्याचं न्यायालय बसतं. आठ कालव्यांचे आठ प्रतिनिधी, सगळे शेतकरी, अंगात काळे डगले. कुणी पाणी चोरलं, कुणी पाळी मोडली, कुणी पाट साफ केला नाही, सगळं तोंडी. वकील नाही, कागद नाही, निकाल तिथल्या तिथं. शेकडो वर्षं चालू आहे, युनेस्कोनं २००९मध्ये वारसा म्हणून यादीत घेतलंय. आणि तुम्ही ‘टर्न’ म्हणून वाचलंत, त्याला आमच्याकडे ‘तांदा’ म्हणतात.

मी विचारलं, मयताच्या घराला दुसऱ्यानं आपली पाळी देऊन टाकली तर ते न्यायालय काय म्हणेल? तो थोडा थांबला. म्हणाला, “आधी तक्रार कोण करेल?”

झालं. माझ्या कथेचा अख्खा पेच त्यानं चार शब्दांत मांडला. यंत्राच्या गावात चोरी व्हायला तक्रार करणारा लागत नाही. मी हे लिहिलं होतं, पण मला ते माहीत नव्हतं. त्याच्यापुढे मी वही काढून लिहून घेतलं, जराही लाज न वाटता. मग त्यानं विचारलं, म्हातारी चिखलाचं दार बुजवते ते कसं? शब्दांनी सांगून उपयोग नव्हता. मी टेबलावरचे कागद सरकवले, पाण्याची बाटली आडवी ठेवून पाट केला, पुस्तकांचे वाफे केले आणि पंजाचं खोरं करून दाखवलं. अकराही माणसं उठून टेबलाभोवती जमली. शिंगवाली मुलगी म्हणाली, “म्हणजे रात्रभर हेच?” रात्रभर हेच. “आणि थंडीत?” थंडीत तर हमखास, वीज आणि पाणी रात्रीचंच येतं. पुढच्या वाचनाची मंडळी दाराशी खोळंबली, तेव्हा स्वयंसेवकानं आम्हाला बाहेर काढलं.

ह्यूगोचा समारंभ त्याच रात्री आर्माडिलोत होता, पण सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं. संध्याकाळची गाडी पकडली. या वेळी बसायला जागा मिळाली. डोंगरात फोनची रेंज जात-येत होती, घरी पोचेपर्यंत निकाल तुकड्यातुकड्यांनी कळले. कादंबरीचा पुरस्कार एमिली टेश यांना. ‘स्ट्रेंज होरायझन्स’ या नियतकालिकालाही मिळाला, कितीतरी भारतीय लेखकांना ज्यानं पहिली जागा दिली ते. मी डब्यात एकटीच टाळी वाजवली. समोरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आप्पांना फोन केला. दंग्यांची चौकशी झाली, गाडीची झाली. मग मी त्यांना वॅलेन्सियाचं सगळं सांगितलं. गुरुवार, दुपारचे बारा, काळे डगले, आठ कालवे. आप्पा मध्ये एकदाही बोलले नाहीत, म्हणजे नीट ऐकत होते.

“त्या आठ मान्सांत टेलचा कोन असतो?” त्यांनी विचारलं.

ते मी विचारलंच नव्हतं.

“मंग काय इचारलंस तू? त्याचा नंबर घेतलास न्हवं? लाव त्याला फोन.”

नंबर नव्हता, मेल होता. संध्याकाळी बसून मेल लिहिला. टेलला इंग्रजीत टेलच म्हणतात, तेवढं एक बरं झालं.